दुसऱ्यांना शिवताना बघत बसावंसं का वाटतं? ('सोइंग बी' आणि तसेच शांत कार्यक्रम)

उरेब:
'द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी' हा बीबीसीचा कार्यक्रम मी अलीकडेच पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हौसेने शिवणारी माणसं एका मोठ्या खोलीत जमतात आणि दर भागात तीन कामं करतात. पहिल्यात दिलेल्या पॅटर्नवरून (कापड कापायच्या कागदी नमुन्यावरून) कपडा शिवायचा. दुसऱ्यात जुन्या कपड्यातून किंवा भलत्याच वस्तूतून नवं काहीतरी करायचं, तेही साधारण दीड तासात. तिसऱ्यात खऱ्या माणसाच्या मापाचा कपडा शिवून त्याच्या अंगावर बसवून दाखवायचा. शेवटी एक कपडा आठवड्यातला सर्वोत्तम ठरतो आणि एक स्पर्धक घरी जातो. जिंकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, फक्त चषक आणि मान.

या कार्यक्रमाला सगळे 'सौम्य', 'मायाळू' म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. परीक्षण अजिबात सौम्य नसतं. परीक्षक पॅट्रिक ग्रँट स्कर्ट उलटा करून आतली शिलाई बघतात, चेनच्या दोन्ही बाजू एका रेषेत आल्यात का ते तपासतात. दुसऱ्या परीक्षक एस्मी यंग मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, आलेली एक सुरकुतीसुद्धा सोडत नाहीत. पण बोलणं कपड्याविषयी असतं. शिवणाऱ्या माणसाची लायकी कोणी काढत नाही. माझ्या मते सगळी ओढ तिथे आहे: कडक नजर आणि मऊ बोलणं एकत्र बघायला मिळतं. बहुतेकांना शाळेत किंवा नोकरीत यातलं एकच काहीतरी मिळालेलं असतं.

तुम्हाला काय वाटतं? आणि एक प्रश्न खास शिवणाऱ्यांना. मशीन समोर असताना आपण दुसऱ्यांचं शिवणकाम का बघत बसतो?

---

काजबटण:
+१. कपडा उलटा करून बघणं हा माझा सर्वांत आवडता भाग. बाहेरून सगळ्यांचेच कपडे बरे दिसतात. आतून कळतं की कोणी अस्तर नीट बसवलंय, कोणी कडा तशाच सोडल्यात आणि कोणी प्रत्येक टीप घालून झाल्यावर इस्त्री फिरवली आहे. इस्त्री शेवटी एकदा करायची नसते, शिवता शिवता करायची असते, हे मी या कार्यक्रमामुळे मनावर घेतलं. तेव्हापासून माझ्या कॉलरचं टोक खरंच टोकदार येतं.

---

निवांत_बसा:
मी शिवत नाही. बटणसुद्धा बायको लावते. तरी रोज रात्री एक भाग बघतो.

कारण सांगायचं तर ऑफिसात मी जे करतो ते कधी संपतच नाही. एक फाइल गेली की दुसरी येते. इथे सुरुवातीला टेबलावर एक सपाट कापड असतं आणि तासाभरात त्याला खांदे येतात, कंबर येते. बाही मुंढ्यात बसवतात तो क्षण मला अजून जादूसारखा वाटतो. बाहीचा गोल मुंढ्याच्या गोलापेक्षा मोठा असतो, तरी चुणी न येता तो आत जिरवतात. हे कसं करतात कोणी सांगेल का?

---

काजबटण:
@निवांत_बसा, बाहीच्या वरच्या गोलाईत लांब टाक्यांच्या दोन ओळी घालायच्या आणि दोरा हळूहळू ओढून जादा कापड सगळीकडे सारखं वाटून घ्यायचं. मग भरपूर टाचण्या लावायच्या किंवा हाताने कच्चं टाचून घ्यायचं, आणि मगच टीप. लोकरीचं कापड वाफेच्या इस्त्रीने आक्रसतं म्हणून ते ऐकतं. पॉलिएस्टर मात्र हट्टी.

---

कातरी:
मी शिवणकाम शिकवते, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. कार्यक्रम मला आवडतो, पण त्यातलं घड्याळ आवडत नाही.

बघा, उरेब, म्हणजे कापड तिरपं ठेवून, कापलेला घेरदार स्कर्ट असेल तर तो खालची दुमड घालण्याआधी निदान रात्रभर टांगून ठेवायचा असतो. तिरप्या धाग्यावर कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, कुठे जास्त, कुठे कमी. ते लोंबून झालं की मग जमिनीपासून माप घेऊन खालची कड सारखी करायची. कार्यक्रमात रात्र कुठून आणणार? मग दुमड वरखाली होते आणि परीक्षक म्हणतात, वरखाली झालीय. हा दोष शिवणाऱ्याचा नाही, वेळेचा आहे. वेळ कार्यक्रमवाल्यांनी ठरवलेली.

मखमलीचंही तेच. लव एकाच दिशेने ठेवून सगळे तुकडे बेतायचे, शिवताना वरचा थर पुढे सरकतो म्हणून टाचून घ्यायचं, इस्त्री उलट बाजूने आणि तीही अलगद. घाईत यातलं एक तरी राहतंच.

वर्गात येणारी नवी माणसं मला विचारतात, "कोट एका दिवसात होतो ना?" त्यांनी टीव्हीवर तसंच पाहिलेलं असतं. त्यांचा दुसऱ्याच आठवड्यात होणारा हिरमोड मला बघवत नाही.

---

दोन_टाके:
कातरीताई, अगदी मनातलं बोललात. माझा तर घरी पाठवण्यालाच आक्षेप आहे. शेवटच्या भागापर्यंत सगळ्यांना शिवू द्या की! दर आठवड्याला सर्वोत्तम कपडा निवडा, क्रम लावा, हवं तर गुण द्या. पण जो माणूस चार आठवडे बाकीच्यांना दोऱ्याचा रंग जुळवून देत होता, त्याला एका बिघडलेल्या चेनसाठी निरोप का द्यायचा?

---

अस्तर:
@दोन_टाके, उलट मला वाटतं की कोणीतरी जाणार हे माहीत असतं म्हणून आपण चेनकडे इतकं बारकाईने बघतो. नुसतं शिवणकाम दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, तेही छान आहेत. त्यात कधी कोणाच्या बाहीसाठी माझा जीव टांगणीला लागला नाही.

आणि एक फरक आहे. इथे जाणारा माणूस जातो तेव्हा सगळे त्याला मिठी मारतात आणि ती मिठी खरी वाटते. एकाचं काम आटोपलं आणि शेजारच्याचं राहिलं असेल तर तो उठून टाचण्या काढू लागतो. स्पर्धा आहे हे ते विसरलेले नसतात. तरी उठतात.

---

जुनी_मशीन:
थोडा इतिहास, कारण तो मला फार जवळचा आहे.

पहिलं पर्व २०१३ साली बीबीसी टूवर आलं, अवघ्या चार भागांचं. निवेदिका क्लॉडिया विंकलमन, परीक्षक मे मार्टिन आणि पॅट्रिक ग्रँट. पॅट्रिक सॅव्हिल रो या लंडनमधल्या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावरचे, 'नॉर्टन अँड सन्स' हे जुनं दुकान चालवलेले. मे मार्टिन शिवणकामाच्या शिक्षिका. २०१६ पासून त्यांच्या जागी एस्मी यंग आल्या, त्या लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला-महाविद्यालयात शिकवत. मग दोन वर्षं खंड पडला आणि २०१९ला कार्यक्रम परत सुरू झाला. पुढे तो बीबीसी वनवर गेला आणि भागही दहापर्यंत वाढले.

पहिलं पर्व जिंकलं ॲन रौली यांनी, वय वर्षं ८१. मला वाटतं, या कार्यक्रमाचा स्वभाव तिथेच ठरला. टीव्हीवर ८१ वर्षांच्या बाई दिसतात त्या बहुधा कोणाची तरी आजी म्हणून. इथे त्या सगळ्यांत कसबी माणूस म्हणून दिसल्या. त्यांचे हात घाई करत नव्हते, तरी काम वेळेत होत होतं.

दुसरं म्हणजे, जुन्याचं नवं करायची जी फेरी आहे, तिच्यामागे ब्रिटनच्या आठवणी आहेत. दुसऱ्या महायुद्धात तिथे १९४१च्या जूनमध्ये कपड्यांवर रेशनिंग आलं. कुपनं असत. ते १९४९पर्यंत, म्हणजे युद्ध संपल्यावरही चाललं. १९४३ साली सरकारनेच एक पुस्तिका काढली होती, आहे ते कपडे कसे टिकवायचे, उसवून दुसरं काय शिवायचं, ठिगळ नीट कसं लावायचं, हे सांगणारी. त्या पिढीतल्या आयांनी आपल्या मुलींना जे शिकवलं तेच दीड तासाच्या खेळात दिसतं, असं मला ती फेरी बघताना सारखं वाटतं.

---

रात्रपाळी:
जुनी_मशीन, सुंदर प्रतिसाद. ॲन रौलींचं पर्व आजच शोधते.

---

अंगुस्तान:
मी पुरुष आहे आणि शिवतो, हे आधी सांगून टाकतो, कारण बरेच जण मला 'ताई' म्हणतात.

तिसरं पर्व, २०१५. मॅट चॅपल जिंकले, हा कार्यक्रम जिंकणारे पहिले पुरुष. तोवर मी दार लावून शिवत असे. कोणी रागावायचं म्हणून नव्हे, प्रत्येकाला उत्तर द्यायचा कंटाळा यायचा म्हणून. "हे कशाला शिकलास?" या प्रश्नाला काय सांगायचं? कापड आवडतं म्हणून. कार्यक्रमात कोणी त्यांना हा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी शिवलेली पँट बसली की नाही एवढंच बघितलं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

आता माझं मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीशी असतं. पुतण्या येतो तेव्हा पायाशी बसून उरलेले तुकडे रंगांप्रमाणे लावतो.

@उरेब, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: शिवणकाम एकट्याने करायचं काम आहे. कार्यक्रम चालू असला की खोलीत आणखी शिवणारी माणसं आहेत असं वाटतं. मी तो बघतो कमी, शिवता शिवता ऐकतो जास्त.

---

काजबटण:
तुमच्या लक्षात आलंय का, जिंकणाऱ्यांत डॉक्टर मंडळी किती आहेत? २०२०च्या क्लेअर ब्रॅडली डॉक्टर. २०२१च्या सेरेना बेकर तेव्हा वैद्यकीच्या विद्यार्थिनी. २०२३च्या अस्मा अल-अल्लाक तर सर्जन! टाक्यांचा सराव दोन्हीकडे उपयोगी पडत असणार.

---

रात्रपाळी:
@काजबटण, मी परिचारिका आहे, म्हणून सांगते. टाके वेगळे, सुई वेगळी, धरायची पद्धतही वेगळी. पण एक गोष्ट नक्की सारखी आहे. काहीतरी बिघडलं की हात थांबवायचा, बघायचं, आणि मग पुढचं करायचं. घाबरलेला माणूस जोरात ओढतो आणि कापड फाटतं. त्या बायका चेन उलटी लागल्यावर कशा थांबतात बघा. एक श्वास, उसवणी हातात, शांतपणे उसवायला सुरुवात.

मी हा कार्यक्रम २०२०च्या एप्रिल-मेमध्ये बघायला लागले. का ते सांगायला नको. घरी येऊन बातम्या लावायची ताकद नव्हती. त्याच सुमारास पॅट्रिक ग्रँट यांनी लोकांनी घरी मास्क शिवावेत म्हणून मोहीम सुरू केली होती, पॅटर्न आणि शिवायची रीत सगळं खुलं केलं होतं. कुठेतरी दूर अनोळखी माणसं मशीनवर बसून आपल्यासारख्यांसाठी कापड कापताहेत, ही कल्पना मला त्या दिवसांत फार धीर द्यायची. 'सौम्य कार्यक्रम' म्हणजे वेळ घालवायचं साधन असं कोणी म्हटलं की मला राग येतो. माझ्यासाठी ती झोप यायची वेळ होती.

---

अस्तर:
@रात्रपाळी 🙏

---

घेर:
विषय थोडा बदलते. अमेरिकेतला 'प्रोजेक्ट रनवे' २००४ला सुरू झाला तेव्हा मी तो आवडीने बघायचे. तिथे पहिल्या विजेत्यासाठी १ लाख डॉलर होते. स्पर्धक व्यवसायात शिरू बघणारे डिझायनर, त्यामुळे त्यांचं सगळं भविष्य पणाला लागलेलं. अशा ठिकाणी ताण, भांडणं, रडारड होणारच. मी त्यांना दोष देत नाही.

सोइंग बीमधली माणसं सोमवारी परत आपापल्या कामावर जाणार असतात. शिवणकाम हा त्यांच्या आयुष्यातला लाडका कोपरा आहे, पोट त्यावर नाही. म्हणून त्यांना एकमेकांचं कौतुक करणं परवडतं. उरेब म्हणतात ते परीक्षकांचं मऊ बोलणं महत्त्वाचं आहेच, पण मला वाटतं, बक्षिसाची रक्कम नसणं हे त्याहून मोठं कारण आहे.

---

दोन_टाके:
+१ घेर. मातीकाम करणाऱ्यांचा जो कार्यक्रम आहे, 'द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन', तोही २०१५मध्ये याच निर्मात्यांनी सुरू केला. तिथले परीक्षक कीथ ब्रायमर जोन्स चांगलं भांडं बघितलं की रडतात. खरंच रडतात! भला दांडगा माणूस, एवढ्याशा किटलीचा कान बघून डोळे पुसतोय. आमच्या घरी आता कोणी काही चांगलं केलं की मुलं विचारतात, "रडण्याइतकं चांगलं झालंय का?"

---

अंगुस्तान:
"रडण्याइतकं चांगलं" 😄 आमच्याकडेही आजपासून हेच माप.

---

कातरी:
@घेर, "परवडतं" हा मुद्दा मला फार आवडला. पण त्याच्याच दुसऱ्या बाजूविषयी सांगावंसं वाटतं.

पोटासाठी शिवणारी माणसं या कार्यक्रमात नसतात. नियमच तसा आहे, हौशी हवेत. पण त्यामुळे शिवणकाम म्हणजे सुंदर खोलीतला छंद असं चित्र तयार होतं. दिवसभर एकाच प्रकारची टीप घालणाऱ्या कारखान्यातल्या बाईचं कसब कोणी उलटं करून बघत नाही. तिची शिलाई कितीतरी वेळा स्पर्धकांपेक्षा सरस असते.

---

अस्तर:
@कातरी, मान्य. पण मला वाटतं कार्यक्रम याच बाईच्या बाजूने काम करतो, नकळत. साध्या शर्टात किती तुकडे असतात, कॉलरला किती वेळा इस्त्री लागते, कफला किती माप लागतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुकानातला स्वस्त शर्ट हातात घेताना मन थांबतं. एवढ्या कमी पैशात हे कसं झालं? कोणाच्या वेळातून झालं? मी तरी पूर्वी हा प्रश्न विचारत नव्हते.

पॅट्रिक ग्रँट यांनी २०१६ साली 'कम्युनिटी क्लोदिंग' नावाचा उपक्रम काढला तोही याच विचाराचा. ब्रिटनमधल्या कापड आणि शिलाईच्या कारखान्यांना वर्षाचे काही महिने काम नसतं. त्या रिकाम्या काळात तिथे साधे, टिकाऊ कपडे बनवून घ्यायचे, म्हणजे हातांना काम राहील आणि कसबही. तेव्हा परीक्षकाला तरी कारखान्यातली बाई दिसते आहे असं मी म्हणेन.

---

कातरी:
हे माहीत होतं, पण कार्यक्रमात ते दिसावं अशी माझी इच्छा आहे. एक भाग तरी कारखान्यात करा. स्पर्धकांना एका शिलाईकामगार बाईच्या शेजारी बसवा आणि तिला परीक्षक करा. मी तो भाग वर्गात सगळ्यांना दाखवीन.

---

उरेब:
कातरी, असा भाग झाला तर मी सगळं सोडून बघेन.

घड्याळाविषयी. तुमचं म्हणणं शिवणकाम म्हणून पूर्ण बरोबर आहे. तरी दुसऱ्या फेरीतलं घड्याळ मला हवंसं वाटतं. तिथे परीक्षक खोलीबाहेर जातात आणि कोणता कपडा कोणाचा हे न कळता क्रम लावतात. दीड तासात कोणाकडेच नीटस काही होणं शक्य नसतं, मग उरते ती कल्पना. पडद्याचा झगा, तंबूचा कोट. नीट शिवणारा माणूस तिथे अडखळतो आणि एरवी मागे राहणारा पहिला येतो. तिसऱ्या फेरीला मात्र वेळ दुप्पट करायला हवा, त्या बाबतीत मी तुमच्या बाजूने.

आणि अंगुस्तान यांचं उत्तर मला पटलं. शिवणकामात सोबत क्वचित मिळते. माझं स्वतःचं उत्तर त्याला जोडून देते: आपल्या मशीनवर मला फक्त माझे हात दिसतात. तिथे बारा जण एकाच पॅटर्नकडे बारा वाटांनी जाताना दिसतात. कोणी आधी सगळं कापून घेतं, कोणी तुकड्यामागून तुकडा. कोणी टाचण्या आडव्या लावतं, कोणी उभ्या, कोणी लावतच नाही. एकच बाही इतक्या तऱ्हांनी बसू शकते, हे मला कोणत्याही पुस्तकाने दाखवलं नव्हतं.

---

निवांत_बसा:
मंडळी, हा धागा वाचून बायकोचं मशीन मागून घेतलं आहे. तिने फक्त एवढंच विचारलं की सुया कुठे आहेत ते माहीत आहे का. सुरुवात कशाने करू? बाही नको, ते कळलं.

---

कातरी:
@निवांत_बसा, स्वागत! उशीचा अभ्रा. सगळ्या टिपा सरळ, कोपरे चार, चेन नाही. मागे दोन पट्ट्या एकमेकींवर येतील असं बेता. कापड सुती घ्या, सुळसुळीत नको. आणि कापण्याआधी ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर अभ्रा उशीला तोकडा होईल.

---

अंगुस्तान:
आणि नवी सुई लावा. आधीची किती जुनी आहे कोणाला माहीत नसतं.

---

निवांत_बसा:
नवी सुई लावली, सुती कापडाच्या तुकड्यावर टीप घालून बघितली. वरून सुरेख दिसतेय. खालून मात्र दोऱ्याचं जाळं झालंय, नुसती वेटोळी. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) काढून परत घातली, तरी तेच. खालच्या दोऱ्याचा ताण कमी करू का?

---

काजबटण:
@निवांत_बसा, खालचं अजिबात हलवू नका! खाली वेटोळी दिसली की बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा पूर्ण काढा. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचला आणि मग पहिल्यापासून परत ओवा. फूट खाली असताना दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, वरवर राहतो. दोरा ओवून झाला की फूट खाली घेऊन दोरा ओढून बघा. ओढायला जड लागला तर बरोबर बसला. मग तुकड्यावर टीप घाला आणि खालच्या बाजूचा फोटो इथे टाका.